जिवलीची घरगाडी

मोखाड्याच्या अलीकडे, जव्हारकडून येणारा रस्ता शेवटचं वळण घेतो तिथं हरेशचं गॅरेज आहे. त्या गॅरेजच्या मागं घाणेरीच्या झुडपांत एक लांबोडकी पांढरी गाडी कित्येक पावसाळे उभी होती. गाडी कसली, घरच ते. मुंबईच्या एका म्हाताऱ्या साहेबानं जुनी मिनीबस घेऊन आत पलंग, मोरी, शेगडी, फ्रीज, संडास असं सगळं बसवून घेतलं होतं, आणि तो एकटाच गावोगाव हिंडायचा. जव्हारजवळच्या शिरपामाळावर मुक्काम करून तो मोखाड्याकडे निघाला आणि चढावर इंजिन जाम झालं. हरेशनं ट्रॅक्टर लावून गाडी ओढून आणली. इतक्या जुन्या गाडीचे पार्ट काही मिळेनात. साहेब एसटीनं घरी गेला, आणि पुढं तो राहिलाच नाही. त्याचा मुलगा एकदा येऊन गेला. दार उघडून आत डोकावला, वासानं नाकाला रुमाल लावला आणि गाडीचे कागद हरेशच्या हातात देऊन म्हणाला, "तुम्हाला बरं वाटेल ते करा. मला हे बघवत नाही."

हरेशला तरी कुठं सवड होती? गाडी तशीच राहिली. टायर मातीत बसले, छपरावर शेवाळ धरलं, उंदरांनी आत संसार थाटला.

जिवली त्या रस्त्यानं रोज जायची. डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन बाजाराकडे निघाली की गॅरेजच्या हातपंपावर ती पाणी प्यायला थांबे. मोळी भिंतीला टेकवून, तोंडावर पाणी मारून, पदरानं मान पुसत ती त्या गाडीकडे बघत उभी राही. पण त्या वर्षी होळीनंतर ती जशी बघू लागली, तशी याआधी कधी बघत नव्हती.

जिवली कातकऱ्याची. तिचा जन्म जंगलातल्या कोळशाच्या भट्टीवर झाला असं तिची आई सांगायची. कुठल्या जंगलात, ते आईलाही नीट आठवत नव्हतं. कोळशाच्या भट्ट्या बंद पडल्या तशा विटांच्या भट्ट्या आल्या. दिवाळी झाली की मुकादमाचा टेम्पो वाडीवर यायचा आणि माणसं, कोंबड्या, भांडी, तान्ही पोरं सगळं एकात एक भरून भिवंडीकडे न्यायचा. तिथं पोचल्यावर पहिलं काम झोपडीचं. कच्च्या विटा रचायच्या, वर पेंढा नि प्लास्टिक टाकायचं. पावसाळ्याच्या तोंडावर निघताना ती झोपडी मोडून विटा मालकाला परत. वाडीवर यावं तर इथली झोपडी उन्हावाऱ्यानं खचलेली असायची. ती पुन्हा उभी करायची. जैतूशी लग्न झालं तेव्हाही पहिल्याच दिवशी दोघांनी मिळून झोपडी बांधली होती. तो कूड विणायचा, ती शेणामातीनं लिंपायची. फार बोलणारा नव्हता जैतू, पण त्याच्या हाताखालचा कूड असा घट्ट बसायचा की काडी घालायला फट सापडू नये.

मग एका वर्षी भट्टी सोडून जैतू वसईला बिल्डिंगच्या कामावर गेला. परांचीवर पाय ठेवला आणि फळी सरकली. जीव वाचला, पण कंबरेखालचं अंग गेलं ते गेलंच. सरकारी दवाखान्यातून जिवलीनं त्याला घरी आणलं तेव्हा तो छताकडे बघत पडून राहायला लागला. त्याला कुशीवर कसं वळवायचं, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून काय करायचं, हे उपकेंद्रातल्या जयश्री सिस्टरनं तिला शिकवलं. जिवली ते सगळं मन लावून करी. पण झोपडी एका खणाची, दार कायम उघडं, आणि वाडीतल्या बायामाणसांची ये-जा सुरूच. नवऱ्याचं सगळं उघड्यावर करताना ती पदर आडवा धरायची. जैतू अशा वेळी डोळे मिटून घ्यायचा आणि पुढं बराच वेळ उघडायचा नाही.

होळीनंतर पंढरी आला. वाडी ज्या वरकस जमिनीवर होती ती पंढरीच्या घराण्याची. त्याच्या बापानं कातकऱ्यांना तिथं बसू दिलं होतं. त्या बदल्यात माणसं त्याच्या शेतावर लावणी-कापणीला जात. पंढरी स्वतः डोंगरउतारावर नागली-वरई करणारा साधा शेतकरी. अंगणात येऊन तो उकिडवा बसला आणि कितीतरी वेळ काडीनं माती उकरत राहिला.

"जिवले," तो शेवटी म्हणाला, "पोरांच्या वाटण्या झाल्या. हा तुकडा थोरल्याला गेला. तो मोगरा लावायचा म्हणतो. विहीर पाडणार हाय. पावसाच्या आत जागा मोकळी करून पायजे त्याला."

"समद्यांना सांगितलंस?"

"सांगितलं. वाडी वढ्यापल्याड जाईल. तिथं तुमचीच सोयरी हायत, ती जागा देतील." मग त्यानं आत बघितलं, जैतू पडला होता तिकडे. "मला कळतंय, तुझं अवघड हाय."

ओढ्यापलीकडे जायला रस्ता नव्हता. उतारावरून पायवाट, मग दगडांवरून ओढा, मग पुन्हा चढ. पाऊस लागला की तिकडची माणसं चार-चार दिवस तिकडेच अडकायची. तिथं जैतूला एकदा नेलं की सिस्टर येणार नाही आणि त्यालाही बाहेर काढता येणार नाही. मुलगा करण आपल्या बायकोला घेऊन भट्टीवर होता, तो पावसाच्या तोंडावर येणार. आणि जिवलीला रस्त्याकाठी हक्कानं एक पाऊल ठेवता येईल एवढीही माती कुठं नव्हती.

दुसऱ्या दिवशी हातपंपावर पाणी पिऊन झाल्यावर तिनं मोळी उचलली नाही. हरेश एका जीपखाली होता. तो बाहेर येईपर्यंत ती उभी राहिली.

"हरेशदादा, ती गाडी मला दे."

हरेशला वाटलं, ती गाडीतलं काहीतरी मागते आहे. "काय पायजे त्यातलं?"

"समदी गाडी. आत ऱ्हायाला."

हरेश हसला नाही. त्यानं फडक्यानं हात पुसले. भंगारवाल्याशी त्याचं बोलणं चालू होतं. लोखंडाला भाव बरा होता. जिवलीनं पंढरीचं सांगितलं, ओढ्याचं सांगितलं. हरेश ऐकता ऐकता गॅरेजमधल्या खड्ड्याकडे बघत होता. गाड्यांच्या खालचं काम करायला तो ज्या खड्ड्यात उतरायचा, तो खड्डा जैतूनं खणला होता. खाली काळा कातळ लागला तेव्हा बाकीचे मजूर निघून गेले होते आणि एकट्या जैतूनं पहारीनं कातळ फोडला होता.

"इंजिन, बॅटरी, तांब्याच्या वायरी, आतलं अ‍ॅल्युमिनियम तेवढं मला काढून दे," हरेश म्हणाला. "बाकीचं तुझं. पण वहिनी, आत जाऊन बघ आधी. माणसानं राहावं असं त्यात काही उरलेलं नाही."

ते खरंच होतं. दार पहारीनं उचकटावं लागलं. आत कुजट, उंदरांच्या मुताचा वास कोंडलेला. भिंतींना लावलेलं प्लायवूड ओल्या भाकरीसारखं फुगून पापुद्रे सुटलेलं. वरच्या झरोक्यातून गळणाऱ्या पाण्यानं पलंगाची गादी मधोमध काळी पडलेली. फ्रीजच्या पाठीमागं उंदरांनी चिंध्या कुरतडून घरटं केलेलं, कपाटाच्या कोपऱ्यात गांधीलमाश्यांचं पोळं. आणि जिकडे बघावं तिकडे कपाटं. डोक्यावर कपाटं, पायाखाली कप्पे, पलंगाखाली खण. इतक्याशा जागेत माणूस एवढं काय ठेवत असेल, याचं जिवलीला नवल वाटलं. तिचा सगळा संसार दोन गोण्यांत मावायचा.

संध्याकाळी कडुनिंबाच्या ओल्या पाल्याचा धूर करून तिनं आधी गांधीलमाश्या घालवल्या. मग काम सुरू झालं. सकाळी जैतूचं आवरायचं, त्याला पेज भरवायची, शेजारच्या म्हातारीला लक्ष ठेवायला सांगायचं आणि गाडीवर यायचं. हरेशनं तिला पाना, छिन्नी, हातोडी आणि एक जुना स्क्रू-ड्रायव्हर दिला होता. गंजलेले स्क्रू कुठले फिरतायत! मग ती छिन्नी लावून त्यांची डोकी उडवायला शिकली. कपाटं निघून आली. फ्रीज दोघा माणसांनी बाहेर ओढला. शेगडी आली, मोरीचं भांडं आलं, पत्र्याच्या भिंतीवरचं प्लाय सोलून निघालं तशी आतली थर्माकोलची पांढरी बोंडं गाडीभर उडाली. ती जिवलीच्या केसांत, घामानं भिजलेल्या दंडांवर चिकटली. रस्त्यानं जाणारी माणसं थांबून बघत. "भट्टीवर गेली नायस मग हितं भट्टी लावलीस का?" असं एकीनं विचारलंही. जिवली छिन्नीवर हातोडी मारत राहिली.

एका दुपारी पलंगाची चौकट ओढताना तिचा पाय जमिनीतून आरपार गेला. कुजलेलं प्लाय मोडलं आणि ती गुडघ्यापर्यंत खाली अडकली. पोटरी सोलून निघाली. हरेश धावत आला तेव्हा ती तशीच बसून भोकातून खाली बघत होती. खाली गवत होतं, हिरवं, ओलसर. बाजूनं गाडीचं जाड लोखंड गेलेलं दिसत होतं. तिनं त्यावर हातोडी मारून बघितली. टणक आवाज आला.

"हाड चांगलं हाय," ती म्हणाली. "मांसच सडलंय."

गाडी सबंध रिकामी झाली त्या दिवशी तिनं आत झाडू मारला, आणि पहिल्यांदाच तिला भीती वाटली. नुसता पत्र्याचा बोगदा उरला होता. दुपारी तो तव्यासारखा तापायचा. झोपडीचा कूड श्वास घेतो, मातीची भिंत गारवा धरते. या पत्र्याला कसं समजवायचं?

जैतूला तिनं अजून नीट काही सांगितलं नव्हतं. त्या संध्याकाळी सांगितलं. तो छताकडे बघत ऐकत राहिला.

"पेटीत घालतंस मला," तो म्हणाला.

"पेटी नाय. घर करते."

"आपल्यात मेल्यावरपन पेटीत घालत नाय. जित्त्यापनी कजाला घालतंस?"

"मंग वढ्यापल्याड जायाचं? सिस्टर येल तिथं? सांग ना!"

त्यानं तोंड भिंतीकडे वळवलं. तेवढंच त्याच्या हातात होतं. ती चुलीशी जाऊन बसली आणि त्या घरात त्या दिवशी दोघंही जेवली नाहीत.

पुढचे काही दिवस जिवलीनं त्याला काही विचारलं नाही. ती जंगलातून कारवी आणत होती, पंढरीच्या बांधावरचे बांबू त्यानंच तोडून दिले होते. कपाटांच्या फळ्यांतल्या धड निघालेल्या फळ्या वेगळ्या काढून तिनं नवी जमीन घातली. लोखंडावर आडव्या पट्ट्या, त्यावर फळ्या. गादीचा मधला भाग फेकून कडेचा चांगला फोम कापून काढला आणि तुकडे जोडून धुतलेल्या चादरीत शिवला. ते बघून सिस्टरनं मान डोलावली होती. पण छपराखाली आतून बांबूच्या चटया बांधायच्या, म्हणजे पत्र्याचं ऊन थेट अंगावर येणार नाही, हे काही तिला जमेना. चटई मधोमध पोट सोडून लोंबायची. दोनदा बांधली, दोनदा सुटली. दुसऱ्यांदा सुटली ती थेट तिच्या डोक्यावर.

त्या संध्याकाळी जैतूला कुशीवर वळवताना तिच्या कपाळावरचा ओरखडा त्यानं बघितला.

"काय लागलं?"

तिनं सांगितलं.

जैतूनं तिला चटई कशी बांधली ते हातानं दाखवायला लावलं. मग म्हणाला, "आडवी बांधतंस व्हय? आडवी नाय ऱ्हायाची. आधी कमान धर. कामट्या वाकवून दोन्ही अंगाला खोचायच्या, मंग चटय त्यांच्या वर सारायची. वजन आपसूक भिंतीला जातं."

"मला एकटीला कसं वाकवता येल?"

"मला ने," जैतू म्हणाला.

सकाळी झोळी बांधली. घोंगडीची दोन टोकं बांबूला गाठ मारून जैतूला आत ठेवलं. पुढच्या बाजूला हरेशनं खांदा दिला. मागच्या बाजूला कोण, म्हणून जिवली पुढं सरसावली तर पंढरी तिथं येऊन उभा होता. तिनं त्याला बोलावलं नव्हतं. त्यानं बांबू खांद्यावर घेतला आणि कुणाकडे न बघता चालू लागला. वाटेत एकदा खांदा बदलायला थांबले तेव्हा झोळीतून जैतू म्हणाला, "पंढरीदादा, जड हाय ना मी?"

"नाय रं," पंढरी म्हणाला. त्यानं बांबू दुसऱ्या खांद्यावर घेतला. "काय नाय तुझ्यात जड."

गाडीच्या नव्या जमिनीवर गोणपाट घालून त्याला ठेवलं. जैतूनं मान फिरवून सगळं बघून घेतलं. हातानं फळी चाचपली, पत्र्यावर बोट वाजवलं. वसईहून आल्यापासून त्याच्या डोळ्यांत अशी हालचाल जिवलीनं बघितली नव्हती. मग त्यानं कोयता मागितला. पडल्या पडल्या, छातीवर बांबू धरून, तो कामट्या काढू लागला. त्याच्या कमरेखाली जीव नव्हता, पण खांदे आणि पंजे जुनेच होते. तो सांगे, जिवली आणि हरेश कामट्या वाकवून खोचत. दुपार कलायच्या आत छपराखाली चटई बसली, ताणलेली, एकसारखी.

जाताना हरेशनं विचारलं, "आता आणखी काय राहिलं?"

जिवलीच्या मनात सगळं ठरलेलं होतं. एका टोकाला चूल, दुसऱ्या टोकाला जैतूचं अंथरूण, मधली जागा मोकळी. आजवर तिच्या सगळ्या घरांना एकच खोली होती. दुसरं काही तिला सुचलंच नव्हतं.

जैतू म्हणाला, "मला एक कूड पायजे. मधी."

"मधी? कजाला? जागा किती ऱ्हायली त्यात!"

त्यानं हरेशकडे बघितलं. हरेशला कळलं असावं, तो पाना ठेवायच्या निमित्तानं बाहेर गेला. मग जैतू हळू म्हणाला, "तू माझं करतंस. रोज करतंस. समदी बघत्यात जिवले. मी डोळं मिटून घेतो, पन ती बघतच असत्यात." त्यानं फळीवरून हात फिरवला. "कुडाआड असलं म्हंजे माणूस असल्यावानी वाटंल."

जिवलीनं पदर तोंडाला लावला. इतके दिवस आपण नुसता पदर आडवा धरला, आणि या माणसाला भिंत हवी होती, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

कूड जैतूनं स्वतः विणला. रोज त्याला आणायचं, रोज न्यायचं, असं किती करणार? म्हणून ती दोघं गाडीतच राहायला लागली. तिचा पाय ज्या भोकातून गेला होता ते भोक तिनं नवी जमीन घालतानाही बुजवलं नव्हतं. त्यावर सरकती फळी बसवली आणि त्याच्या बरोबर वर, कुडाच्या आड, जैतूची बाज केली. बाजेच्या मधल्या फळ्या काढता येत, खाली भांडं ठेवता येई. बाज मुद्दाम खिडकीच्या उंचीची केली. वर छपराच्या लोखंडाला हरेशनं गाडी ओढायचा जाड पट्टा अडकवला, त्याला धरून जैतू स्वतःचं अंग उचलू लागला. कूड आतून-बाहेरून जिवलीनं लिंपला. पत्र्यावर माती धरत नाही म्हणून तिनं भिंतींनाही कारवीचा पातळ पडदा बांधून तोही लिंपून घेतला. वास मातीचा यायला लागला. खिडकीच्या काचा तेवढ्या तशाच ठेवल्या.

करण आला तो हे बघून दारातच थबकला. "बाला हितं ठेवलंस? लोखंडात?" त्याला राग आला होता, आणि त्या रागात आपण इथं नव्हतो याची बोचणी होती. आतून जैतूनं हाक मारली, "आत ये आधी. पाय धुवून ये, नवं लिंपलंय." करण आत गेला. बापाजवळ कितीतरी वेळ बसून बाहेर आला आणि गपचूप शिडी लावून छपरावर चढला. सबंध छपराला त्यानं डांबर फासलं. झरोका पत्र्यानं बंद केला. पाऊस लागला तेव्हा आत थेंब आला नाही.

तो पावसाळा गाडी गॅरेजच्या मागंच होती. खिडकीतून जैतूला रस्ता दिसे. जीपा दिसत, शाळेत जाणारी पोरं दिसत, आणि खिडकीशी थांबून त्याच्याशी बोलणारी माणसंही हळूहळू वाढली. लोकांनी सुपं-टोपल्या विणायला द्यायला सुरुवात केली. तो विणून देई.

हिवाळ्यात रस्ता रुंद करायचं काम निघालं. गॅरेजच्या मागच्या पट्ट्यात खडी टाकायची होती. हरेशनं येऊन सांगितलं तेव्हा जिवलीचे हात चालता चालता थांबले. आयुष्यभर ‘जागा सोडा’ म्हटलं की तिनं पहिल्यांदा छपराला हात घातला होता. आताही तिची नजर छपराकडे गेली.

"वहिनी, मोडायचं काही नाही," हरेश म्हणाला. "ट्रॅक्टर लावू. पुढं गुरचरणीत सपाट जागा आहे, सरपंचाशी बोललोय मी."

टायरांत हवा भरली. तडे गेलेल्या टायरांना आतून तुकडे लावले. साखळी बांधली. जैतूला खाली उतरवून ठेवायचं ठरत होतं, पण तो पट्ट्याला घट्ट धरून म्हणाला, "मी आतच बसनार."

जिवली त्याच्या बाजेशी खाली बसली. तिनं चुलीवरची भांडी मांडीत घेतली होती. ट्रॅक्टरनं हिसका दिला, सगळं घर करकरलं, आणि खिडकीतला हातपंप मागं सरकायला लागला. जिवलीनं घाबरून बाजेचा पाय धरला. घर चाललं होतं. चूल, कूड, दोरीवरचं लुगडं, पाण्याची घागर, सगळं जिथल्या तिथं आणि तरी चाललेलं. जैतू काचेला कपाळ लावून बघत होता. वाडीची जागा आली. विहीर पाडून झाली होती, तिच्याभोवती मोगऱ्याची हातभर रोपं ओळीनं लावलेली. पंढरीचा थोरला मुलगा पाणी देत होता. गाडी बघून त्यानं हात वर केला. जैतूनंही केला.

"बरी लागलीत रोपं," तो म्हणाला. बोलण्यात कडवटपणा नव्हता. मग त्यानं हात लांबवून कूड चाचपला, एका बाजूनं दुसऱ्या बाजूला. "हालला नाय जिवले. कुठंच नाय हालला."

जिवली हसली, आणि हसता हसता रडली. असंख्य वेळा तिनं बिऱ्हाड हलवलं होतं. न मोडता हललेलं हे पहिलंच.

गुरचरणीत ती दोघं दुसरा पावसाळाही राहिली. जैतूच्या पाठीला मात्र एक जखम झाली ती भरेना. जिवलीच्या करण्यात कसर नव्हती, सिस्टर स्वतः म्हणाली, "इतकी वर्षं जखम होऊ दिली नाहीस हेच खूप." जव्हारच्या दवाखान्यात नेलं, आणलं, पुन्हा नेलं. दिवाळीनंतर ताप अंगातच राहिला. तेव्हा जैतूनं सांगितलं, आता मला कुठं नेऊ नका. वाडीतली माणसं भट्टीवर निघाली होती. टेम्पो गुरचरणीवरून जाताना सगळ्यांनी उतरून त्याला बघून घेतलं. एकेकजण कुडाच्या अलीकडे थांबून आधी विचारी, "येऊ का?" आणि आतून जैतू म्हणे, "या."

गेला तो दिवसाउजेडी. जिवली त्याचं अंग पुसत होती. त्याची बोटं कुडाच्या कामटीवर होती. ती थंड झाल्यावरही तिनं बराच वेळ पुसणं थांबवलं नाही.

करण भट्टीवरून आला. हरेश, पंढरी आणि आणखी दोघांनी खांदा दिला. दिवसकार्य उरकल्यावर करण आईला म्हणाला, "चल आता आमच्यासंगं. एकटी हितं काय करशील?"

"तिथं जाऊन काय करू? झोपडी बांधायची न् मोडायची. ते माझ्यानं आता व्हायचं नाय."

"न् एकटीला भ्या वाटलं तर?"

"वाटंल की," जिवली म्हणाली. "वाटलं तर वाटू दे."

तो गेला. मग खरोखरच ते दिवस कठीण गेले. जिवली कुडाच्या पलीकडे जाईना. चुलीपाशीच अंग टाकायची. सकाळी जाग आली की सवयीनं उठून पाणी तापवायची आणि मग तापलेल्या पाण्याकडे बघत बसायची.

थंडी वाढली तेव्हा एका दुपारी सिस्टर आली. ओढ्यापलीकडे गोजाबाई म्हातारी एकटी होती. पोरगा-सून भट्टीवर गेली, तांदूळ ठेवून गेली, पण म्हातारीच्या डोळ्यांत पडदा आला होता आणि चुलीवर तिचा हात भाजला होता. हात बरा होईपर्यंत ती रस्त्याजवळ असती तर बरं, असं सिस्टर म्हणाली. एवढं बोलून ती थांबली. पुढचं तिनं मागितलं नाही.

"आना तिला," जिवली म्हणाली.

गोजाबाईला झोळीतून आणलं. कुडाआडच्या बाजेवर बसवायला लागले तशी ती अंग चोरून मागं सरली. "जैत्याच्या जागी मी नाय झोपायची. तुला काय वाटंल?"

जिवली हरेशकडून स्क्रू-ड्रायव्हर आणि हातोडी घेऊन आली. बाज सोडवताना एकेका स्क्रूला ती क्षणभर थांबत होती. हे सगळे तिनंच आवळलेले होते. बाज सुटी करून तिनं चुलीकडच्या खिडकीखाली नेली. पाय थोडे कापून ठेंगणी केली, कारण गोजाबाईला पाय टेकवून उठायचं होतं. मधल्या फळ्या कायमच्या ठोकून टाकल्या. पट्टाही तिकडे नेऊन अडकवला. जमिनीतल्या भोकावर पत्रा ठेवून चारी बाजूंनी खिळे मारले. शेवटचा खिळा मारल्यावर मात्र ती तिथंच बसली आणि मोठ्यानं रडली. इतक्या दिवसांत तिला मोकळं रडू आलं नव्हतं. गोजाबाई चुलीशी बसून ऐकत होती. तिनं रडू दिलं. मग चाचपडत चाचपडत येऊन भाजलेला हात बाजूला धरून तिनं दुसरा हात जिवलीच्या डोक्यावर ठेवला.

सकाळी म्हातारीची कुरकुर सुरू झाली. खिडकीतून ऊन डोळ्यावर येतं, बाज जरा भिंतीकडे सरकव. चहा पाणचट झाला. आणि ही खालची जमीन वाजते, तिच्यावर एकदा शेण सारवून घे. जिवलीनं बाज सरकवली. कोयता कमरेला खोचला आणि मोळीला निघाली.

"येताना वालाच्या शेंगा मिळतील का बघ," आतून गोजाबाई म्हणाली.

"बघते," जिवली म्हणाली आणि दार लोटून घेतलं.